यंत्र कोणाच्या नावावर? सीएसआर निधी मागणाऱ्या सीमाभागातील महिला गटांसाठी मार्गदर्शन

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णी या पट्ट्यात, रताळ्याची काढणी सुरू झाली की बाईला दिवस पुरत नाही. वेल कापून गुरांसाठी बाजूला ठेवणे, उकरलेल्या सऱ्यांमागून रताळी वेचणे, माती झाडणे, मोठी, मध्यम, बारीक आणि किडकी अशी निवड करणे, पोती भरून त्यांची तोंडे शिवणे, ही सगळी कामे बायकांच्या हातची आहेत. पोती बाजार समितीत जातात ती मात्र उताऱ्यावर ज्याचे नाव असेल त्याच्या नावाने, आणि पट्टीही त्याच्याच हातात पडते. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा निधी मागायला निघालेल्या गटाने आधी हे नीट समजून घ्यावे, कारण कष्ट एकीचे आणि नाव दुसऱ्याचे ही शेतातली रीत तशीच सीएसआरच्या यंत्राबरोबर गटात शिरते.

आपल्या भागातील अनेक बचत गटांना, म्हणजे आपण ज्यांना संघ म्हणतो त्यांना, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून शिलाई मशिन, पिठाची गिरणी, मिरची कांडप, पापड यंत्र अशा वस्तू मिळाल्या आहेत. त्यांतल्या काही आजही चालू आहेत, काही बंद खोलीत पडून आहेत. अशा संघांच्या मिटिंगांना मी बरीच वर्षे बसत आले आहे. जिथे यंत्र चालू राहिले तिथे मला दोन गोष्टी हमखास दिसल्या : काय घ्यायचे ते बायकांनी स्वतः ठरवले होते, आणि यंत्र, जागा, वीजमीटर व बँकखाते ही चारही संघाच्या ताब्यात होती. पुढचे सगळे मार्गदर्शन या दोन गोष्टी साधण्यासाठीच आहे.

कायद्याची एवढी माहिती हवीच

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक होते, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक होती, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक होता, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. तीनपैकी एक अट लागू झाली तरी पुरे. त्यामुळे सीएसआर म्हणजे फक्त मुंबई-बेंगळुरूच्या मोठ्या कंपन्या, असे समजू नये. समजा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याला हे कलम लागू आहे आणि त्याचा सरासरी नफा ६ कोटी रुपये आहे, तर त्याला त्या वर्षी १२ लाख रुपये खर्च करावेच लागतात, आणि एका गावातील दोन-तीन संघांचे काम उभे करायला तेवढी रक्कम थोडी नाही.

कोणत्या कामांवर खर्च करता येतो याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. गरिबी निर्मूलन, उपजीविका वाढवणारे प्रकल्प, स्त्रियांचे सक्षमीकरण आणि ग्रामविकास हे चारही विषय तीत येतात, म्हणून शेतकरी बायकांच्या व्यवसायाचा प्रस्ताव कायद्यात बसतो की नाही, ही शंका मनात ठेवायचे कारण नाही. जे काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग आहे किंवा ज्याचा लाभ फक्त तिच्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना होतो, ते मात्र सीएसआरमध्ये धरता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात एक गैरसमज वारंवार आढळतो. येथे सहकारी आणि खासगी असे दोन्ही प्रकारचे साखर कारखाने आहेत. कलम १३५ कंपन्यांना लागू होते. सहकारी साखर कारखाना, पतसंस्था किंवा सौहार्द सहकारी संस्था यांची नोंदणी कंपनी म्हणून नसते, त्यामुळे त्यांच्यावर हे कलम बंधनकारक नाही. त्यांनी स्वखुशीने मदत केली तर ती जरूर घ्यावी, पण 'तुम्हाला २ टक्के द्यावेच लागतात' असे सांगत त्यांच्या दारात उभे राहू नये, कारण त्यात आपलाच वेळ आणि शब्द वाया जातो.

कंपनी जिथे काम करते तो परिसर आणि त्याच्या आजूबाजूचा भाग यांना प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. त्यात राज्याची हद्द कुठेही आखलेली नाही. आपल्यासारख्या सीमेवर राहणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार मोलाची तरतूद आहे. चंदगड तालुक्यातील शिनोळीची औद्योगिक वसाहत महाराष्ट्रात असली तरी बेळगावच्या पश्चिमेकडील गावांना ती शेजारचीच आहे. निपाणीकडच्या गावांना कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत जवळ आहे. 'तुम्ही कर्नाटकातले' म्हणून तेथील कंपनीने अर्ज परत केला, तर कलमातील 'आजूबाजूचा भाग' हे शब्द नम्रपणे दाखवावेत. शिवाय स्थानिक भागाचे हे प्राधान्य सक्तीचे नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला आहे, म्हणजे दूरच्या कंपनीलाही आपल्या गावात खर्च करायला आडकाठी नाही.

आधी चिंचोके, मग अर्ज

बहुतेक प्रस्ताव इथेच चुकतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नये. काय मागायचे हे ठरवण्यापूर्वी बायकांचा वेळ कुठे जातो आणि शेतमालाचे पैसे कुठे गळतात, या दोन गोष्टी मोजून घ्याव्यात.

वेळ मोजण्याची सोपी रीत अशी. देवळाच्या सभामंडपात किंवा अंगणवाडीत संघाच्या सगळ्या बायकांनी एकत्र बसावे. जमिनीवर खडूने चौकोन आखून प्रत्येकात एका कामाची खूण ठेवावी : पाण्यासाठी तांब्या, गुरांसाठी वैरणीची काडी, स्वयंपाकासाठी पळी, भांगलणीसाठी खुरपे, मालाच्या निवडीसाठी रताळे. मग प्रत्येकीने कालच्या दिवसातील तासागणिक एक चिंचोका त्या त्या चौकोनात टाकावा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचे मतही यात इतरांच्या बरोबरीने मोजले जाते, आणि कोणी मोठ्याने बोलून बैठक आपल्या बाजूला वळवू शकत नाही.

अशाच एका बैठकीला मी होते. संघाने पापड यंत्र मागायचे जवळजवळ नक्की केले होते, कारण शेजारच्या गावाला ते मिळाले होते. चिंचोके टाकून झाले तेव्हा सर्वांत मोठा ढीग वैरणीच्या काडीपाशी झाला होता. वैरण आणणे, तोडणे, गुरांपुढे टाकणे यातच प्रत्येकीचे दोन-अडीच तास जात होते. बाजूला बसलेल्या एका वयस्कर काकी म्हणाल्या, "पापड लाटायला बसायला वेळ कुठं हाय, ते आधी सांगा की." त्या दिवशी पापड यंत्राचा विषय मिटला. संघाने कडबाकुट्टी मागायची असे ठरवले, आणि वाचलेल्या वेळात दूध वाढवून ते डेअरीला घालायचे असा पुढचा विचार केला. कडबाकुट्टी पाहुण्यांना दाखवायला शोभेची वस्तू नाही, तिचा फोटोही फारसा चांगला येत नाही. पण त्या बायकांना खरी गरज तिचीच होती.

पैसे गळण्याची जागा शोधायला वही लागते. एका हंगामासाठी, सुगी सुरू झाल्यापासून, प्रत्येक घरातील विकलेला माल, मिळालेला दर, गाडीभाडे, हमाली, तोलाई, आडत आणि कमी दराने गेलेला बारीक माल लिहून ठेवावा. रताळ्याच्या घरांत बहुधा असे दिसते की उत्तम मालाचा दर संघाच्या हाती नसतो, पण बारीक आणि तुटका जो माल मातीमोल जातो त्याचे काप वाळवून उपवासाचे पीठ करता येते. खानापूर तालुक्यातील नाचणी, भात आणि काजू यांचा हिशेब वेगळा निघेल. निपाणी-चिकोडी भागात जिथे बायका उसाच्या आणि तंबाखूच्या मजुरीवर आहेत, तिथे माल नसेल, फक्त मजुरी असेल. तिथे व्यवसाय शोधताना हंगाम नसलेल्या महिन्यांवर लक्ष द्यावे.

यंत्र मागण्याआधी तोच पदार्थ हाताने दहा किलो करून विकून पाहावा, असा माझा आग्रह असतो. रताळ्याचे पीठ एकादशीच्या आठवड्यात सहज खपते, पण त्यानंतरच्या आठवड्यात कोण घेते ते पाहायला हवे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्यांतर्गत साध्या सरकारी बसने मोफत प्रवास आहे. खानापूर किंवा उचगावहून बेळगावला चार वेळा जाऊन दुकानदारांना नमुना दाखवायला तिकिटाचा खर्च येत नाही, याचा उपयोग करून घ्यावा. दहा किलो विकताना आलेल्या अडचणी, म्हणजे पिशवी फुटली, पिठाला वास आला, दुकानदाराने पैसे महिन्याने दिले, याच पुढे प्रस्तावातील सर्वांत भक्कम मजकूर होतात. खाद्यपदार्थ विकायचा असेल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करून घ्यावी.

काजूबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. काजूच्या टरफलातील तेल कातडी भाजून काढते. बी फोडणाऱ्या बायकांची बोटे काळी पडतात, सालपटतात, आणि संध्याकाळी त्याच बोटांनी भाकरी थापायची असते. काजू प्रक्रियेचा प्रस्ताव करताना हातमोजे, बोटांना लावायचे तेल, धूर बाहेर जाण्याची सोय आणि बसण्याची नीट व्यवस्था हे खर्च यंत्राच्या खर्चाबरोबर पहिल्याच पानावर मांडावेत. कोणी ते 'नंतर पाहू' म्हणाले तर ऐकू नये.

मालकीचे कागद

खानापूर तालुक्यातील एका गावात संघाला पिठाची गिरणी आणि मिरची कांडप मिळाले. जागा नव्हती, म्हणून अध्यक्षीणबाईंच्या घराच्या पडवीत यंत्रे बसवली. मीटर त्यांच्या दिरांच्या नावावर घेतले, कारण घर त्यांच्या नावावर होते. दोन वर्षे गिरणी चांगली चालली. पुढे घरात वाटणी झाली, पडवी दिरांच्या वाट्याला गेली आणि त्यांनी खोलीला कुलूप लावले. मी तिथे गेले तेव्हा गिरणीच्या तोंडावर पोते बांधलेले होते आणि दगडाला नाचणीचे पीठ तसेच चिकटलेले होते. त्या घरातील कोणी लबाड नव्हते. यंत्र कोणाचे, जागा कोणाची, हे कागदावर लिहायचे कोणाला सुचलेच नव्हते, ना देणाऱ्यांना ना घेणाऱ्यांना.

जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरच्या नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे या बाबतीत आपली बाजू मजबूत झाली आहे. सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती धर्मादाय उद्देशाची नोंदणीकृत संस्था, सार्वजनिक प्राधिकरण किंवा प्रकल्पाचे लाभार्थी यांच्याकडेच असू शकते, आणि लाभार्थी म्हणजे बचत गट किंवा त्यांचे समूह हे नियमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून मधल्या संस्थेने 'यंत्रे आमच्या नावावर राहतील, तुम्ही फक्त वापरा' असे सांगितले, तर ती तिची निवड आहे, नियमाची सक्ती नाही, हे लक्षात ठेवावे आणि मालकी संघाकडे द्यावी अशी मागणी लेखी करावी.

कागद असे करून घ्यावेत. यंत्राचे बिल शक्यतो संघाच्या नावाने असावे. ते संस्थेच्या नावाने झाले असेल तर यंत्राच्या अनुक्रमांकासह हस्तांतरणाचे पत्र घ्यावे. जागेसाठी आधी ग्रामपंचायतीकडे जावे, पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटून रिकाम्या खोलीची किंवा जागेची मागणी ग्रामसभेत मांडावी आणि ठरावाची प्रत घ्यावी. खासगी जागाच घ्यावी लागली तर ई-स्वत्तूचा (पंचायत हद्दीतील मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा पाहून खरा मालक कोण याची खात्री करावी आणि किमान दहा वर्षांचा भाडेकरार करावा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार उपनिबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो. त्याचा खर्च प्रस्तावात धरावा, तो टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करू नये. हेस्कॉमचे, म्हणजे वीज कंपनीचे, मीटर संघाच्या नावावर मिळत नसेल तर नोंदणीकृत ओक्कूटच्या (संघांच्या महासंघाच्या) किंवा पंचायतीच्या नावावर घ्यावे, कोणाच्या दिराच्या, सासऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर घेऊ नये. पंपाच्या थ्री फेज विजेवर गिरणी चालवू असे कोणी सुचवले तर नकार द्यावा; ती वीज ठराविक तासच असते आणि वापराचा प्रकारही वेगळा ठरतो.

लाभार्थी कोण, हे आपण लिहायचे

कंपनीच्या किंवा संस्थेच्या फॉर्मवर बहुधा 'शेतकरी महिला' असा शब्द असतो आणि त्यापुढे उतारा जोडा असे लिहिलेले असते. एवढ्या एका अटीने गावातील निम्म्याहून अधिक बायका बाहेर पडू शकतात. शेती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, विधवेचा वारसा लावलेला नाही, टाकलेल्या बाईला तर माहेरी-सासरी कुठेच जागा नाही, मजुरी करणाऱ्या बाईकडे गुंठाही नाही. कर्नाटकाने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, आणि २००५ मध्ये देशभर तसे झाले; तरी उताऱ्यावर बाईचे नाव सहजी चढत नाही. शेती खात्याच्या योजनांसाठी लागणारा फ्रूट्स क्रमांकही (शेतकरी नोंदणीचा क्रमांक) जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असतो. सीएसआरच्या कायद्यात मात्र लाभार्थीच्या नावावर जमीन असलीच पाहिजे अशी कोणतीही अट नाही. म्हणून आपल्या प्रस्तावात 'शेतात काम करणारी स्त्री' अशी व्याख्या आपणच लिहावी, आणि विधवा, परित्यक्ता व भूमिहीन बायकांचा किमान वाटा त्यातच नक्की करावा. ही अट ठरावातच लिहिली नाही तर यादी करताना आवाज मोठा असलेल्या घरांतील नावेच पुढे येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सीमाभागाची आणखी एक खास अडचण आहे. आपल्याकडे सोयरीक सीमेपलीकडे होते. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून सून होऊन आलेल्या बाईचे आधार जुन्या पत्त्याचे, शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा आणि बँकेचे पासबुक सासरच्या नावाचे असते. त्यात एकेक नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरते, आणि प्रत्येक वेळी एखादे अक्षर बदलते. ही दुरुस्ती निधी मंजूर झाल्यावर करायला घेतली तर दोन-तीन महिने जातात आणि तेवढ्यात यादीतून नाव निघते. म्हणून अर्ज करण्याच्या सहा महिने आधी संघाने सगळ्यांची आधार, पासबुक आणि रेशनकार्डे एका दुपारी शेजारी शेजारी ठेवून तपासावीत. पत्त्यात गावाच्या जिल्ह्याचे नाव 'बेळगावी' असे लिहावे; १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर तेच नाव आहे, आणि बँकेत फरक दिसायला नको.

प्रस्ताव आणि भाषा

प्रस्ताव आधी मराठीत लिहावा, कारण तो संघातील प्रत्येक बाईला समजला पाहिजे. मिटिंगमध्ये तो मोठ्याने वाचून, दुरुस्त करून, प्रोसिडिंग बुकात ठराव करावा. संघात कन्नड बोलणाऱ्या बायका असतील, आणि आपल्या बहुतेक गावांत त्या असतातच, तर त्याच मिटिंगमध्ये तो कन्नडमध्येही सांगावा. त्यानंतर कंपनीसाठी इंग्रजी आणि पंचायतीसाठी, बँकेसाठी कन्नड भाषांतर करून घ्यावे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीकडून हे काम होते. भाषांतर झाल्यावर ते पुन्हा मराठीत उलट वाचून घ्यावे. 'संघ चालवील' याचे 'संस्था चालवील' असे झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. कंपनीशी किंवा संस्थेशी करार होईल तेव्हा त्याची मराठी प्रत जोडण्याची मागणी करावी आणि 'करार मराठीत वाचून दाखवला' हे वाक्य ठरावात यावे.

मजकूर चार-पाच पानांपेक्षा जास्त नसावा. चिंचोक्यांचा आणि वहीचा हिशेब, दहा किलो विकल्याचा अनुभव, काय हवे आणि का, कोण चालवणार, तीन वर्षांनी खर्च कशातून निघणार, एवढे त्यात आले की पुरे. अंदाजपत्रकात बहुतेक संघ यंत्राची किंमत लिहून थांबतात. यंत्र बसवणे, वीजजोडणी, विमा, दुरुस्ती, पहिल्या हंगामाचा कच्चा माल, प्रशिक्षणाच्या दिवसांची बुडालेली मजुरी, लहान मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे मानधन आणि हिशेब ठेवणारीचा पगार हेही खरेच खर्च आहेत. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये हा नियम कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या खर्चाला लागतो. प्रकल्प प्रत्यक्ष चालवणाऱ्या बाईचा पगार त्यात मोडत नाही. तेव्हा 'पगार बसत नाही' असे कोणी म्हटले तर हे सांगावे. संघाच्या बाया फुकट राबतील हे गृहीत धरून केलेले अंदाजपत्रक मी कोणालाही पाठवू देत नाही.

सरकारी योजना जोडता येतात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळत आले आहे. संजीवनी या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातून ओक्कूटमार्फत फिरता निधी मिळू शकतो. मात्र एकाच यंत्राचे बिल दोन ठिकाणी दाखवू नये. कोणता खर्च कशातून होणार ते प्रस्तावात उघड लिहावे.

कंपनी आणि मधली संस्था

सीएसआर समितीची रचना, धोरण आणि मंजूर प्रकल्प हे कंपनीला आपल्या वेबसाइटवर जाहीर करावे लागतात. उद्यमबाग, होनगा, हत्तरगी, शिनोळी, कागल येथील कंपन्यांची यादी करून गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला ही माहिती काढायला सांगावी. मागच्या वर्षी शाळांना बाक दिलेल्या कंपनीला यंदाही शाळाच हव्या असतील. उपजीविकेवर आधी खर्च केलेल्या कंपनीकडे पहिल्यांदा जावे. वर्षाचा आराखडा संचालक मंडळ मंजूर करते, म्हणून पुढच्या वर्षासाठीचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत पोहोचलेला बरा.

मार्चअखेर काही कंपन्यांना पैसे संपवायची घाई असते आणि 'चार दिवसांत यादी द्या, शिलाई मशिन देतो' असा फोन येतो. अशा वेळी अनेक वर्षांचा चालू प्रकल्प करण्याची विनंती करावी. सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो, आणि त्याची न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याची सोय नियमांतच आहे.

बचत गटाला सीएसआरची अंमलबजावणी संस्था म्हणून पैसे थेट घेता येत नाहीत. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीलाही नाही. एकतर कंपनी स्वतः काम करते किंवा कलम ८ खालील (नफा न वाटणारी) कंपनी, नोंदणीकृत न्यास वा सोसायटी यांच्यामार्फत करते. कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आयकराची १२अ व ८०ग नोंदणी आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांक लागतो. हा क्रमांक आधी विचारावा, आणि त्याच संस्थेबरोबर पूर्वी काम केलेल्या दुसऱ्या गावातील संघाला जाऊन भेटावे. संस्थेच्या कार्यालयात बसून जे कळत नाही ते त्या संघाच्या ओसरीवर अर्ध्या तासात कळते.

फाईलसाठी आधी पैसे भरा, किंवा आधी कर्ज घ्या म्हणजे सीएसआरचे अनुदान येईल, असे कोणी सांगितले तर तिथेच थांबावे. सीएसआरचा निधी मिळवण्यासाठी बाईला कर्ज काढावे लागत नाही. मायक्रोफायनान्सच्या वसुलीने किती घरे होरपळली हे आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. अनोळखी माणसाला आधारची प्रत आणि अंगठा देऊ नये. दिला असेल तर लाज न बाळगता लगेच संघात सांगावे.

निधी आल्यानंतर

बँकखात्यावर दोघींच्या सह्या असाव्यात आणि त्या दोघी एकाच घरातील नसाव्यात. दर महिन्याच्या मिटिंगमध्ये जमाखर्च मोठ्याने वाचावा. नफ्याची वाटणी करण्यापूर्वी ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढावा, कारण बेअरिंग गेले, मोटर जळली की त्याच दिवशी पैसे लागतात आणि गिरणी आठ दिवस बंद राहिली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. काम करणारीला कामाची मजुरी आधी आणि सभासद म्हणून नफ्याचा वाटा नंतर, हे दोन हिशेब वेगळे ठेवावेत. ते एकत्र झाले की राबणारी आणि नुसती सही करणारी सारखीच ठरते, आणि संघ आतून फुटतो.

कंपनीचे अधिकारी पाहणीला येतील तेव्हा त्यांना चिंचोक्यांची जुनी नोंद आणि नवी नोंद शेजारी ठेवून दाखवावी. फोटोसाठी सुगीच्या दिवसांत शेतातले काम टाकून बायकांना बोलावू नये, तारीख संघाने द्यावी. काय जमले नाही तेही सांगावे. समजूतदार अधिकारी त्याची नोंद घेऊन पुढच्या वर्षाचा खर्च बदलतात.

प्रकल्प संपण्याच्या सहा महिने आधी संस्थेकडे हस्तांतरणाची मिटिंग मागावी. त्या दिवशीच्या ठरावात यंत्रांची अनुक्रमांकांसह यादी, जागेच्या कराराची उरलेली मुदत, मीटर कोणाच्या नावावर आहे, दुरुस्ती निधीत किती रक्कम आहे, विम्याची पुढील तारीख आणि संस्थेकडे राहिलेले काम हे सगळे लिहावे, उपस्थित प्रत्येक बाईची सही किंवा अंगठा घ्यावा आणि एक प्रत पंचायतीत द्यावी. खोलीची एक किल्ली कोणाकडे राहील, दुसरी कोणाकडे आणि ती दर किती महिन्यांनी फिरेल, हेही त्याच ठरावात लिहावे.